गावालगतचे रान आणि मुलांची वहिवाट : ब्रिटनच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण, अन्न व ग्रामव्यवहार विभाग,
युनायटेड किंगडम शासन, लंडन

यांसी सविनय निवेदन :

ब्रिटनच्या खेड्यांत रानाच्या कडेला वाढलेल्या माणसांनी उतारवयात लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या बालपणीच्या आठवणी हा इंग्रजी गद्याचा एक समृद्ध प्रवाह आहे. तथापि या आठवणींकडे बहुधा हळवे स्मरणरंजन म्हणूनच पाहिले जाते, आणि त्यांत जमिनीच्या मालकीची, श्रमाच्या पद्धतींची व वहिवाटीच्या हक्कांची जी बारकाईची नोंद झालेली आहे, ती धोरण ठरवताना क्वचितच विचारात घेतली जाते. २०२१ च्या पर्यावरण कायद्याला अनुसरून आपल्या शासनाने इंग्लंडमधील वृक्षाच्छादन एकूण भूभागाच्या १४.५ टक्क्यांवरून २०५० पर्यंत १६.५ टक्क्यांवर नेण्याचे बंधनकारक उद्दिष्ट स्वीकारले आहे. हे उद्दिष्ट स्वागतार्हच आहे. परंतु झाडे वाढली म्हणजे मुलांना रान मिळाले असे होत नाही, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा ब्रिटनच्याच गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे : विसाव्या शतकाच्या आरंभी देशाचा जेमतेम ५ टक्के भूभाग वनाखाली होता, आज तो सुमारे १३ टक्के आहे, म्हणजे वनक्षेत्र अडीच पटींहून अधिक वाढले, आणि नेमक्या त्याच शतकात खेड्यातील मुलांचा रानातला राबता आटत आटत जवळजवळ संपला. असे का झाले याचा शोध घेतला, तर ज्या रानांनी त्या आठवणी घडवल्या ती राने कशी होती आणि त्यांचे काय झाले, हे प्रथम पाहावे लागते.

मराठी वाचकाच्या मनात जंगल म्हटले की सह्याद्रीचा घाट किंवा मेळघाट उभा राहतो, म्हणून येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडच्या सखल भागातील रान हे बहुधा काही एकरांचे, शेतांनी वेढलेले, स्वतःचे नाव असलेले आणि भोवती मातीचा बांध व चर असलेले असते. हा बांध पुष्कळदा मध्ययुगात गुरांना आत शिरू न देण्यासाठी घातलेला असतो. यांपैकी जी राने इंग्लंड व वेल्समध्ये १६०० पासून आणि स्कॉटलंडमध्ये १७५० पासून अखंड टिकून आहेत, त्यांना शासकीय परिभाषेत ‘प्राचीन वन’ म्हणतात, आणि ती आज देशाच्या भूभागाच्या सुमारे अडीच टक्केच उरली आहेत. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि भूदृश्याचे इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनी १९७६ पासून पुढे अनेक ग्रंथांतून हे दाखवून दिले, की ही राने माणसाच्या स्पर्शापासून दूर राहिल्यामुळे टिकलेली नाहीत. उलट शतकानुशतके माणसांनी ती वापरली, आणि वापरात होती म्हणूनच ती राखली गेली. ‘निसर्ग म्हणजे माणसाविना असलेली जागा’ ही समजूत घेऊन जो या आठवणी वाचतो, त्याच्या हातून त्यांतला अर्धा अर्थ निसटतो.

हा वापर कसा होता हे समजण्यासाठी कॉपिस ही पद्धत पाहणे इष्ट आहे. हेझल, अ‍ॅश किंवा गोड चेस्टनट यांसारखी झाडे हिवाळ्यात जमिनीलगत तोडायची, मुळे आणि खुंट तसेच ठेवायचे, आणि त्या खुंटातून फुटणारे सरळसोट धुमारे ठरावीक वर्षांनी पुन्हा तोडायचे, असे हे चक्र असते. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून खोडवा घेणाऱ्या शेतकऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, फक्त येथे खोडवा तीन-चार वर्षांत संपत नाही, तो शतके चालतो. हेझलची तोड साधारण सात ते दहा वर्षांनी येते, अ‍ॅशची त्याहून उशिरा. सफोक परगण्यातील ब्रॅडफील्ड वूड्स हे रान मध्ययुगात बेरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचे होते आणि तेथील तोडीच्या नोंदी १२५२ पर्यंत मागे जातात. त्या रानातील काही अ‍ॅशचे खुंट इतके जुने व रुंद आहेत की त्यांच्या कडेने नव्या धुमाऱ्यांचे कडे उभे राहिलेले दिसते आणि मधला भाग कुजून मोकळा झालेला असतो. या लाकडापासून दाताळ्यांचे दांडे, मेंढ्यांच्या कोंडवाड्यांसाठी विणलेल्या ताट्या, वाटाण्याच्या वेलांना लावायच्या काटक्या, शाकारणीच्या खुंट्या आणि चुलीचे सरपण असे सर्व काही निघत असे. रान एकाच वेळी सगळे तोडले जात नसे. दर हिवाळ्यात त्यातला एक तुकडा मोकळा होई, आणि त्यामुळे एकाच रानात उजेडाची, अर्धसावलीची आणि दाट सावलीची जागा शेजारीशेजारी असे.

मुलांच्या दृष्टीने या व्यवस्थेचे महत्त्व फार मोठे होते, आणि आठवणींच्या लेखनात ते वारंवार, परंतु न सांगता, प्रकट होते. तोड झालेल्या तुकड्यात दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात प्रिमरोझ, व्हायोलेट आणि वुड अ‍ॅनेमोनी यांचा बहर उसळतो. ब्लूबेल ही निळी कंदवर्गीय फुले, ज्यांच्या जगातील एकूण संख्येपैकी निम्म्याच्या आसपास ब्रिटनमध्ये आहेत असे मानले जाते, एप्रिलअखेर ते मे महिन्यात झाडांची पालवी दाट होण्याआधी जमीन झाकून टाकतात. आणि पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी हे नारिंगी फुलपाखरू तोड होईल त्या बाजूला सरकत जाते, म्हणून लाकूडतोड्यांच्या मागून हिंडणारे अशी त्याची ख्याती होती. ज्या मुलाचा बाप, काका किंवा शेजारी त्या रानात तोडीला जात असे, त्याला कोणत्या तुकड्यात यंदा काय सापडेल हे पुस्तकावाचून ठाऊक असे. सरपणाच्या मोळ्या, डुकराच्या गोठ्यात अंथरण्यासाठी नेचे, शरदात हेझलच्या शेंगदाण्याएवढ्या फळांच्या पिशव्या ही कामे मुलांचीच होती. खेळ आणि काम यांच्यामधली रेषा तेथे फार पुसट होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हॉर्स चेस्टनटच्या ज्या तपकिरी बिया मुले दोरीत ओवून एकमेकांच्या फोडण्याचा खेळ खेळत, त्याच बिया गोळा करून देण्याचे आवाहन शासनाने शाळकरी मुलांना केले, कारण दारूगोळ्यासाठी लागणारे अ‍ॅसिटोन त्यांपासून काढण्याचा प्रयत्न चालू होता.

अशा वावरातून मुलांकडे जे ज्ञान येते, त्याची सूक्ष्मता एका हेझलच्या रिकाम्या कवचावरून पटेल. खारीने खाल्लेले कवच दोन शकलांत फुटलेले असते. रानउंदीर किंवा व्होल यांनी कुरतडलेल्या छिद्राच्या कडेवर दातांच्या समांतर रेघा उमटलेल्या दिसतात. डॉर्माउस हा सोनेरी रंगाचा, झुपकेदार शेपटीचा, वर्षातले कित्येक महिने निद्रेत काढणारा लहानसा प्राणी मात्र छिद्राची आतली कड गुळगुळीत गोल करतो आणि त्याच्या दातांचे तिरके ओरखडे फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर राहतात. डॉर्माउस रात्री फांद्यांवरून हिंडतो, म्हणून तो प्रत्यक्ष दिसणे दुर्मीळ. परंतु कवच हातात धरून त्याचा वावर ओळखता येतो. १९९३ मध्ये याच खुणेच्या आधारे इंग्लंडभर ‘ग्रेट नट हंट’ ही शोधमोहीम घेतली गेली, हजारो लोकांनी, त्यांत मुलांनीही, रानांतली कवचे तपासली, आणि या प्राण्याच्या प्रसाराची पहिली व्यापक माहिती त्यातून हाती आली. शास्त्रज्ञांना जे काम मोहीम काढून करवून घ्यावे लागले, त्याला लागणारी नजर दोन पिढ्यांपूर्वीच्या गावातील मुलांकडे होती, हे सांगण्यात अतिशयोक्ती नाही.

या आठवणींच्या परंपरेत जॉन क्लेअर या कवीचे स्थान मूलभूत आहे. १७९३ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन या खेड्यात शेतमजुराच्या घरी जन्मलेल्या क्लेअर यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लहानपणीच्या एका दिवसाची हकिगत दिली आहे : क्षितिजापाशी जग संपते, तेथवर गेले की पलीकडे डोकावून पाहता येईल, या कल्पनेने ते एम्मनसेल्स नावाच्या माळरानावर चालत निघाले, दिवसभर चालत राहिले, ओळखीची झाडेझुडपे मागे पडली, आणि रात्री परतले तेव्हा आईवडील हवालदिल झालेले आणि गावातील माणसे त्यांच्या शोधात निघालेली होती. या हकिगतीचा खरा अर्थ तिच्या पुढे काय झाले ते पाहिल्यावर कळतो. १८०९ मध्ये हेल्पस्टन व आसपासच्या गावांसाठी कुंपणबंदीचा कायदा झाला; म्हणजे ज्या सामायिक माळांवर, कुरणांवर आणि रानकडांवर गावकऱ्यांची वहिवाट होती, त्या जमिनी खासगी मालकांत वाटून, कुंपणे घालून बंद करण्यात आल्या. क्लेअर तेव्हा ऐन तारुण्यात होते, आणि आपण लहानपणी जेथे मोकळे हिंडलो तेथे आता पाऊल टाकणे हा अपराध ठरला, ही जाणीव त्यांच्या पुढच्या सर्व लेखनात भिनलेली आहे. जगाच्या टोकापर्यंत चालत जाण्याची कल्पना ज्या मुलाला सुचू शकते, त्याच्या पायाखाली आधी न अडवलेली जमीन असावी लागते. त्या माळाचा काही भाग आज कॅस्टर हँगलँड्स या राष्ट्रीय निसर्ग-अभयारण्यात राखलेला आहे, ही समाधानाची गोष्ट.

ग्लॉस्टरशायरमधील फॉरेस्ट ऑफ डीन या सुमारे अकरा हजार हेक्टरांच्या वनात गोष्ट वेगळी घडली, आणि म्हणून ती आपल्या विभागाने विशेष अभ्यासावी अशी आहे. हे राजघराण्याचे वन असूनही तेथील रहिवाशांनी मेंढ्या चारण्याची रूढी आणि खाणकामाचे विलक्षण हक्क जपले; त्या परिसरात जन्मलेल्या, एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि एक वर्ष व एक दिवस खाणीत काम केलेल्या माणसाला ‘फ्रीमायनर’ म्हणून स्वतःची खाण चालवण्याचा हक्क १८३८ च्या कायद्याने मान्य केलेला आहे. याच वनातील ब्रायर्ली गावात १९१४ मध्ये एका खाणकामगाराच्या घरी जन्मलेल्या विनिफ्रेड फोली यांचे ‘अ चाइल्ड इन द फॉरेस्ट’ हे पुस्तक १९७४ मध्ये आले, आणि रानाच्या आठवणींत मुलींचा आवाज इतका कमी ऐकू येतो, की केवळ त्यासाठीही ते मोलाचे ठरते. फोली यांचे वन रमणीय आहे, पण ते उपाशी पोटाने पाहिलेले आहे; चौदाव्या वर्षी घरकामाची नोकरी धरून वन सोडावे लागणे हे तेथील मुलींच्या वाट्याला सर्रास येत असे, आणि बालपण तेथेच संपत असे. रानाजवळचे बालपण सुखाचे होते असे सरसकट म्हणणाऱ्याने हे पुस्तक आवर्जून वाचावे. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे, की एवढ्या दारिद्र्यातही त्या मुलांना वनात शिरण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती.

लॉरी ली यांचे ‘सायडर विथ रोझी’ (१९५९) आणि क्रिस्टोफर मिल्न यांचे ‘द एन्चांटेड प्लेसेस’ (१९७४) ही पुस्तके अधिक परिचित असल्याने त्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. ली पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात वयाच्या तिसऱ्या वर्षी स्लॅडच्या दरीत आले. तेथील एक रान आज ग्लॉस्टरशायर वाइल्डलाइफ ट्रस्टकडे असून ली यांच्याच नावाने ओळखले जाते. मिल्न यांच्या वडिलांनी १९२५ मध्ये ससेक्समधील अ‍ॅशडाउन फॉरेस्टच्या कडेला शेतघर घेतले आणि मुलाच्या तेथील वावरावरून ‘विनी-द-पू’च्या कथा रचल्या, पुढे त्या मुलानेच प्रौढपणी लिहिलेल्या पुस्तकात कथेमागचे खरे रान, म्हणजे विशिष्ट झाडे, विशिष्ट ओढा, विशिष्ट पूल, हे वेगळे काढून दाखवले. मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग यांनीही १९०२ पासून ससेक्समधील बर्वॉश येथे राहून आपल्या मुलांसाठी जे ‘पक ऑफ पूक्स हिल’ लिहिले, त्यात घराजवळचे रान आणि त्यात दडलेला इतिहास हाच विषय आहे. या तिन्ही ठिकाणी रान घरापासून लहान मुलाच्या पायांनी गाठता येईल इतके जवळ आहे. दूरच्या राष्ट्रीय उद्यानाला वर्षातून एकदा दिलेल्या भेटीतून अशा आठवणी तयार झाल्याचे उदाहरण या वाङ्मयात सहसा सापडत नाही. त्याच त्या ओढ्याकडे, त्याच त्या झाडाकडे सर्व ऋतूंत पुन्हा पुन्हा जाणे, हे त्यांचे मूळ आहे.

या चित्राची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहुतेक राने जमीनदारांची होती. तित्तिर-फेजंट यांसारख्या शिकारीच्या पक्ष्यांची राखण करणारा गेमकीपर हा मुलांच्या आठवणींतला नित्याचा, धाक वाटणारा माणूस होता, आणि चोरून शिकार करणाऱ्यांचे पाय पकडणारे लोखंडी सापळे रानांत लावणे १८२७ पर्यंत कायद्याने मना नव्हते. पुढल्या काळातही मुलांचा प्रवेश बहुधा हक्काने नव्हे, तर कानाडोळ्याने होत असे : गाव लहान, माणसे ओळखीची, रानात कामाला असलेला मजूर कोणाचा तरी आप्त, त्यामुळे पोराला फार तर दटावून सोडले जाई. काम संपले तेव्हा हा कानाडोळाही संपला. आज शिकारीसाठी भाड्याने दिलेल्या रानाच्या फाटकावर पाटी असते आणि त्या पाटीमागे ओळखीचे कोणी नसते. शिकारीच्या हौसेपायीच कित्येक लहान राने नांगराखाली जाण्यापासून वाचली, ही वस्तुस्थितीही न्यायाने नमूद केली पाहिजे. पण वाचलेले रान मुलांच्या उपयोगाचे राहिले नाही.

रानातले काम का संपले, याचे उत्तर आपल्या विभागाच्या पूर्वसूरींच्या निर्णयांतही आहे. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडल्यामुळे १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन या शासकीय वनसंस्थेची स्थापना झाली, आणि लवकर वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांची लागवड हे तिचे मुख्य धोरण ठरले. कोळसा, प्लास्टिक आणि तारेचे कुंपण आल्यावर कॉपिसच्या लाकडाला गिऱ्हाईक उरले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अनेक प्राचीन राने एकतर शेतीसाठी उखडली गेली, नाहीतर तेथील जुनी झाडे मारून ओळीने स्प्रूस, लार्च किंवा पाइन लावण्यात आले. १९८५ मध्ये रुंदपर्णी झाडांविषयीचे नवे धोरण येईपर्यंत हे चालू राहिले. दाट लागवडीखाली बारमाही अंधार असतो, जमिनीवर सुयांचा थर साचतो, फुले उगवत नाहीत. नकाशावर तेथे वन हिरव्या रंगात दिसते, क्षेत्रफळाच्या कोष्टकात ते मोजलेही जाते; मुलाला थांबावेसे वाटेल असे मात्र तेथे फारसे काही नसते. त्यातच डच एल्म रोगाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष मारले, आणि २०१२ पासून अ‍ॅश झाडांना बुरशीजन्य मर रोगाने ग्रासले आहे. हरणांची संख्याही अफाट वाढली; महाराष्ट्राच्या रानांतील भेकराचा चिनी भाईबंद असलेले रीव्ह्ज मंटजॅक, जे विसाव्या शतकाच्या आरंभी वोबर्नच्या उमरावी उद्यानातून बाहेर पडले, ब्लूबेल आणि कॉपिसचे कोवळे धुमारे दोन्ही फस्त करते, त्यामुळे आज जुनी तोड पुन्हा सुरू करायची तर कुंपणाचा किंवा हरणे कमी करण्याचा खर्च गृहीत धरावाच लागतो.

रानाच्या या अवस्थेबरोबरच मुलांचे हिंडणेही आक्रसले. मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७१ मध्ये इंग्लंडमधील सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते, आणि याचे मुख्य कारण रस्त्यावरील वाहने हे होते. शेफील्डमधील एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची तुलना २००७ मध्ये बरीच गाजली : आठ वर्षांचे असताना पणजोबा एकटे सहा मैल चालत मासेमारीला जात, तर पणतूला त्याच वयात एकट्याने जाण्याची मुभा होती ती तीनशे यार्डांपर्यंत. नॅचरल इंग्लंड या आपल्याच अखत्यारीतील संस्थेच्या २००९ च्या पाहणीत असे आढळले, की तेव्हाच्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोक लहानपणी रान, माळ अशा नैसर्गिक जागी खेळत असत, आणि तसे खेळणाऱ्या मुलांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी झाले होते. पालकांची भीती किंवा पडद्यावरचे खेळ एवढ्यावरच याचा ठपका ठेवणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ज्या रस्त्यावरून पायी जाणे धोक्याचे झाले आणि ज्या रानाचे फाटक बंद झाले, त्याचा दोष मुलाच्या आईवर टाकता येत नाही.

कायद्याची स्थिती येथे निर्णायक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या सार्वजनिक पायवाटा आहेत आणि त्यांचा अभिमान योग्यच आहे. परंतु पायवाटेवरून चालण्याचा हक्क हा वाट न सोडण्याच्या अटीवर मिळतो, आणि लहान मूल रानात गेल्यावर पहिल्यांदा वाटच सोडते. २००० च्या ग्रामीण भाग व मार्गाधिकार कायद्याने मोकळे हिंडण्याचा जो हक्क दिला, तो डोंगर, माळ, झुडपी माळरान आणि सामायिक जमिनी यांपुरता, म्हणजे इंग्लंडच्या साधारण ८ टक्के भूभागापुरता आहे. राने त्यातून वगळली गेली, आणि फॉरेस्ट्री कमिशनने स्वेच्छेने खुली केलेली वने सोडली तर खासगी रानांचा प्रश्न जागच्या जागी राहिला. स्कॉटलंडने मात्र २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर रानांसह बहुतेक सर्व जमिनीवर प्रवेशाचा हक्क दिला. तेथे दोन दशकांत वनव्यवसाय बुडालेला नाही आणि जमीनमालकही निराधार झालेले नाहीत. इंग्लंडला वेगळा नियम हवा असेल, तर त्याचे कारण सांगण्याची जबाबदारी आपल्या विभागावर येते. जनतेची भावना काय आहे हे २०११ मध्ये दिसून आले, जेव्हा शासकीय वने विकण्याच्या प्रस्तावाविरुद्ध पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि तो प्रस्ताव फेब्रुवारीत मागे घ्यावा लागला. फॉरेस्ट ऑफ डीनचे रहिवासी त्या विरोधात आघाडीवर होते.

मराठीतून हे पत्र लिहिण्यामागेही एक कारण आहे. १२१७ च्या ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ या सनदेने इंग्लंडच्या स्वतंत्र प्रजेला राजाच्या वनात चराई, सरपण अशा हक्कांची ग्वाही दिली होती. त्याच देशाच्या राजवटीने १८७८ च्या वन कायद्याने हिंदुस्थानातील गावकऱ्यांचे असेच हक्क काढून घेतले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या गुराढोरांना जागा उरली नाही, ही तक्रार स्पष्ट नोंदवली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हा २००९ उजाडले होते. रान बंद झाल्यावर एका पिढीत काय हरवते आणि ते परत मिळवायला किती पिढ्या लागतात, याचा अनुभव मराठी मुलखाला आहे, आणि आज जी मराठी कुटुंबे स्लाव, मिल्टन कीन्स किंवा बर्मिंगहॅमच्या उपनगरांत मुले वाढवत आहेत, त्यांच्या मुलांना तर ब्रिटनच्या रानात नेणारे आजी-आजोबाही जवळ नसतात. ज्यांची वहिवाट परंपरेने आलेली नाही, त्यांच्या हाती कायद्याचाच आधार उरतो.

या सर्व विवेचनावरून आपल्या विभागाकडे काही निश्चित मागण्या करणे योग्य ठरते. वुडलँड ट्रस्ट या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने असा मापदंड सुचवला आहे, की प्रत्येक व्यक्तीच्या घरापासून ५०० मीटरच्या आत किमान दोन हेक्टरांचे आणि चार किलोमीटरच्या आत किमान वीस हेक्टरांचे प्रवेशयोग्य रान असावे. घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर हिरवी जागा किंवा पाणवठा असावा, असे जे वचन शासनाने २०२३ च्या पर्यावरण सुधारणा योजनेत दिले, त्यात हिरवळीचा तुकडा आणि रान यांत भेद केलेला नाही, तो करावा, आणि हा मापदंड स्वीकारावा. सार्वजनिक अनुदान घेणाऱ्या प्रत्येक खासगी रानाच्या निदान एका भागात वाट सोडून हिंडण्याची मुभा ही अनुदानाची अट असावी. घरटी आणि शिकारीचा हंगाम यांसाठी लागणारे अपवाद त्यात बसवता येतात. नव्या लागवडीवरील खर्चाचा एक वाटा जुन्या रानांतील कॉपिस पुन्हा सुरू करण्यासाठी आणि ती तोड हरणांपासून राखण्यासाठी वळवावा, कारण पंचवीस वर्षांनी उभे राहणारे झाड आज सात वर्षांच्या मुलाच्या कामी येणार नाही, तर गावाजवळचे अंधारलेले जुने रान दोन हिवाळ्यांच्या तोडीने फुलू शकते.

शिक्षणविभागाशी बोलण्याची जबाबदारीही आपल्याकडेच आहे. १९९३ मध्ये सॉमरसेटमधील ब्रिजवॉटर महाविद्यालयाच्या शिक्षिकांनी डेन्मार्क पाहून आल्यावर सुरू केलेली ‘फॉरेस्ट स्कूल’ची चळवळ, म्हणजे मुलांना नियमितपणे एकाच रानात नेऊन शिकवण्याची पद्धत, आज देशभर पसरली आहे, आणि आठवड्याला एक दुपार का होईना, त्याच त्या रानाकडे परतण्याची सवय ती लावते. याउलट निसर्ग-इतिहास हा सोळाव्या वर्षाच्या परीक्षेचा स्वतंत्र विषय म्हणून २०२२ मध्ये जाहीर झाला, २०२५ पासून तो शिकवला जाईल असे सांगितले गेले, आणि ती तारीख उलटून गेली. परीक्षेच्या विषयाने रान मिळत नाही हे खरे. पण ज्या शाळेला तो विषय शिकवायचा आहे तिला गावाजवळच्या रानाची चौकशी करावी लागेल, फाटक कोणाचे आहे हे विचारावे लागेल, आणि ते उघडण्याची गरज मग कागदावर येईल.

शेवटची मागणी लहान आहे, परंतु तिला मुदत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ज्यांचे बालपण गेले ती माणसे, त्यांत १९३९ च्या सप्टेंबरात शहरांतून खेड्यांत हलवलेल्या सुमारे पंधरा लाख लोकांमधील तेव्हाची मुलेही आली, आता नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या गावाच्या कोणत्या रानात कोणत्या वाटेने शिरता येत असे, कोणत्या तुकड्याची तोड कधी झाली, हेझल कोठे धरत असे, ओढा कोठे अडवला होता, हे त्यांना विचारून गावनिहाय नकाशांवर उतरवून घेतले जावे. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण भाग कायद्यानुसार जुन्या वाटांचे दावे दाखल करताना लोकांच्या स्मृतीतील वहिवाट हा ग्राह्य पुरावा मानला जातो. तोच न्याय रानांना लावला, तर पुढे ज्या गावात प्रवेशाचा प्रश्न उभा राहील तेथे या नोंदी चौकशीपुढे ठेवता येतील, आणि म्हणून हे काम येत्या दोन-तीन वर्षांत, स्थानिक अभिलेखागारांच्या मदतीने, आपल्या विभागाने हाती घ्यावे.

कळावे.